अंड्याचं वय

काकूंना कुणी काही बोललं तर त्या ऐकून घ्यायच्या. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं तिन्ही नणंदांनी पुष्कळ ऐकवलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं होतं. पण त्यांच्या अंड्यांना कुणी नावं ठेवली की समोर कोण उभं आहे हे त्या बघत नसत. म्हणूनच विज्ञानसंस्थेतून आलेलं पत्र त्यांच्या यजमानांनी आधी स्वतः वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि काकूंचा चहा पिऊन होईपर्यंत वर्तमानपत्रात डोकं घालून बसले.

"काय लपवताय?" काकूंनी विचारलं.

"कुठं काय?"

"अहो, तो कालचा पेपर आहे. काल तुम्ही मला त्यातली मरणाची बातमीसुद्धा वाचून दाखवलीत."

शेवटी पत्र बाहेर निघालं. दोनच ओळी होत्या. 'आपल्याकडून येणारी अंडी निकृष्ट दर्जाची असून त्यांतील गर्भांची वाढ असमान आढळते. सबब पुढील महिन्यापासून पुरवठा थांबवावा.' खाली कुणाची तरी घाईघाईतली सही.

काकू सातवीपर्यंत शिकल्या होत्या. 'सबब' वाचताना त्या जरा अडखळल्या, पण 'निकृष्ट' त्यांना बरोबर कळलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

रागाला कारणही तसंच होतं. गावाच्या कडेला, बस डेपोच्या मागे त्यांचं घर आणि घरामागे पत्र्याच्या दोन लांब शेड होत्या. त्यात दोनशे दहा कोंबड्या आणि वीस कोंबडे. खायची अंडी त्या विकतच नसत. त्यांची अंडी फक्त उबवणीची, म्हणजे ज्यातून पिल्लू निघणारच अशी. आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा शाळा सुटली आणि तेराव्या वर्षी त्या आईच्या खुराड्यात शिरल्या. आई बाजेवरून सांगायची आणि ही करायची. कुठली कोंबडी अंड्यांवर खुडूक बसणार, कुठली नुसतंच नाटक करतेय, कुठलं अंडं रिकामं, कुठलं भरलेलं. खोक्याला भोक पाडून आत दिवा लावायचा आणि भोकावर अंडं धरायचं. मग कवचाच्या आतलं सगळं लालसर उजेडात दिसायला लागतं. आई म्हणायची, "नुसतं जिवंत आहे की नाही एवढं बघू नकोस. किती दिवसांचं आहे ते सांग." दिवस सांगता यायला लागले तेव्हा आई म्हणाली, "आता सकाळचं की संध्याकाळचं ते सांग." आई गेली तेव्हा काकू सतरा वर्षांच्या होत्या आणि अंडं बघून त्याचे तास सांगत होत्या. ही काही वेगळी विद्या आहे असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. ज्याला त्याला आपापल्या घरातलं कळतं, तसंच हे.

"मी जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"भांडायला?"

"भांडायला कशाला? समजावून सांगायला."

यजमान निवृत्त बस मेकॅनिक होते. बोलणं मोजकं, पण बायकोला पुरते ओळखून होते. ते मुकाट्याने उठले आणि त्यांनी काकूंच्या हातबत्तीत नवे सेल घातले.

संस्थेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने काकूंना ओळखलं, कारण दर गुरुवारी साठ अंड्यांचा ट्रे त्याच्याच टेबलावर ठेवून त्या परत जायच्या. चार वर्षांत त्या फाटकाच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. आज गेल्या. तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब खोली होती. काचेच्या बश्या, नळ्या, गुरगुरणारी शीतकपाटं, आणि मध्ये मायक्रोस्कोपवर वाकलेला एक उंच माणूस. वाकून वाकून त्याच्या पाठीला कायमचा बाक आलेला. वय तिशीचं, पण चेहरा परीक्षेत नापास झालेल्यासारखा. काकूंनी मनात त्याचं नाव तिथल्या तिथे लंबू ठेवलं, आणि पुढे ते सगळ्या मजल्यावर पसरलं.

"हे पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी निकृष्ट."

लंबूला काही कळेना. कळलं तेव्हा तो चाचरत म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण एकाच दिवशी, एकाच वेळी उबवणीच्या पेटीत ठेवलेली तुमची अंडी मी सहाव्या दिवशी फोडतो, तर एकाला पायाची बोटं फुटलेली, दुसऱ्याला नाहीत. मी काम कसं करायचं?"

"दाखवा तुमची पेटी."

"ती उघडता येणार नाही, तापमान—"

"दिवसातनं तुम्ही किती वेळा उघडता?"

लंबूने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एवढ्यात आवाज ऐकून आतल्या खोलीतून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाहेर आल्या. केस पांढरे, डोळे तरतरीत. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा त्यांच्या हातातल्या बत्तीकडे. "उघड रे," त्या लंबूला म्हणाल्या.

काकूंनी पेटीत हात घातला आणि मनगटाची आतली बाजू एकेका फळीवर धरली. मग मागच्या कोपऱ्यातलं एक, पुढचं एक, मधली चार अशी सहा अंडी बाहेर काढली, पडदा ओढायला लावला आणि बत्तीवर एकेक धरलं. लालसर उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा पसरल्या होत्या. मधोमध डोळ्याचा काळा ठिपका. काही अंड्यांत तो ठिपका पाळण्यातल्या बाळासारखा डुलत होता.

"हे सहा दिवस पुरे झालेलं. हे सहाला बराच कमी, सात-आठ तास. हे साडेसहाच्या जवळ. हे..."

"अहो, सगळी एकाच वेळी ठेवलीत," लंबू म्हणाला.

"फोडून बघा ना. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

लंबूने सहाच्या सहा फोडली. भिंतीवर गर्भाच्या वाढीचा तक्ता होता. पाय कसा, पंख कसा, चोचीचं टोक कसं, त्यावरून वय काढायचं. तो मायक्रोस्कोपखाली बघायचा, तक्त्याकडे बघायचा आणि आकडा लिहायचा. सहापैकी पाच वयं काकूंनी सांगितली तशीच निघाली. सहाव्यात त्या चार तासांनी चुकल्या होत्या.

"हे कसं चुकलं?" काकू स्वतःवरच चिडून म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसायला लागल्या. "काकू, आमचा तक्तासुद्धा सहा तास इकडेतिकडे होतो."

मग सगळा उलगडा झाला. पेटीचा पंखा मागच्या बाजूला, म्हणून मागची फळी पुढच्यापेक्षा चांगली अर्ध्या अंशाने गरम. आणि गुरुवारी आलेली अंडी सोमवारपर्यंत खिडकीच्या कट्ट्यावर पडलेली असत. दुपारी त्यांतल्या निम्म्यांवर ऊन यायचं.

"तुम्ही सोमवारी पेटीत ठेवलंत म्हणून ते सोमवारी सुरू होईल का?" काकू म्हणाल्या. "अंड्याला कॅलेंडर कळत नाही. त्याला ऊब कळते. ऊन लागलं की ते कामाला लागतं."

लंबूने खुर्ची ओढली आणि मटकन बसला. त्याची चार वर्षं त्या खिडकीच्या कट्ट्यावर गेली होती.

काकूंना खरं म्हणजे तिथून निघायचं होतं. जिंकून झालं होतं. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "एवढ्या जिवांचं तुम्ही करता तरी काय?" आणि डॉक्टरबाईंनी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

आधी काहीच दिसेना. मग करड्या उजेडात एक बारीक तंतू दिसला आणि तंतूच्या टोकाला पंजा. पंज्याला बोटं होती. ती लांब व्हायची, इकडे चाचपायची, तिकडे चाचपायची, आखडायची, पुन्हा पुढे सरकायची. अंधाऱ्या खोलीत माणूस भिंतीला हात लावत बटण शोधतो तसं.

"जिवंत आहे हे?" काकूंचा आवाज आपोआप खाली आला.

"पिल्लाच्या डोळ्यातली पेशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला मेंदूपर्यंत तार टाकायची असते. डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा रस्ता तिला कुणी दाखवलेला नाही. वाटेत जागोजागी दुसऱ्या पेशी बारीक बारीक रेणू सोडत असतात. डोळ्यांना न दिसणारे निरोपच म्हणा. काही रेणू म्हणतात इकडे ये, काही म्हणतात इकडे फिरकू नकोस. हा पंजा ते निरोप चाचपून ओळखतो आणि वळतो. तुमच्या-माझ्या डोक्यातल्या अब्जावधी तारा अशाच जोडल्या गेल्या."

"आणि चुकला तर?"

"क्वचित चुकतो. तो का चुकत नाही, हेच आम्ही शोधतोय."

लंबूचा प्रयोग असा होता. तो डोळ्यातल्या पेशी बशीत वाढवायचा. तंतू फुटले की एका बाजूने केसाएवढ्या काचेच्या नळीतून निरोपाचा एक रेणू हळूहळू सोडायचा आणि पंजा कुठे वळतो ते मोजायचा. अडचण अशी, की रेणू तोच, नळी तीच, पण कधी पंजा नळीकडे वळायचा, कधी पाठ फिरवायचा आणि कधी नाकासमोर चालू लागायचा. चार वर्षं हेच चाललं होतं. शेजारच्या प्रयोगशाळेतले सर तर चारचौघांत म्हणाले होते की याचा हात कापतो, म्हणून असं होतं. लंबूच्या नेमणुकीची मुदत संपायला एक वर्ष उरलं होतं.

काकूंनी मायक्रोस्कोपवरचं डोकं उचललं. "ही पेशी किती तासांची?"

"सहाव्या दिवसाची," लंबू म्हणाला.

"सहाव्या दिवसाला चोवीस तास असतात. त्यातला कुठला?"

"काकू, तेवढ्याने काय फरक पडतो?"

"अंड्यात सहाव्या दिवशी सकाळी जे नसतं ते संध्याकाळी असतं. पिल्लाला पडतो फरक. त्याच्या पेशीला पडत नसेल तर सांगा, मी गप्प बसते."

लंबूने डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाई मात्र काकूंकडे बघत होत्या. "काकू," त्या म्हणाल्या, "आमच्या पेट्या सांभाळायला याल?"

काकूंनी दोन दिवस विचार केला, म्हणजे दोन दिवस यजमानांना विचारलं आणि त्यांनी दोन दिवस "बघ बाई" एवढंच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी त्या अटी घेऊन गेल्या. पेटीचं दार त्यांच्याशिवाय कुणी उघडणार नाही. खिडकीच्या कट्ट्यावर अंडं दिसलं तर त्या घरी जातील. आणि पेट्या बाजारच्या नकोत. "आमचे हे बनवतील."

यजमानांनी दहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या शीतकपाटातून काकूंसाठी उबवणीची पेटी बनवली होती. आता संस्थेच्या तळघरात त्यांनी सहा छोट्या पेट्या बनवल्या, प्रत्येकीत बारा अंडी. पंखा मध्यभागी, ऊब चारही बाजूंनी सारखी. संस्थेचा अभियंता बघायला आला. त्याने सगळ्या कोपऱ्यांत तापमापक लावले आणि अर्धा दिवस आकडे टिपले. फरक सापडेना. "हे कुठं शिकलात?" त्याने विचारलं. यजमान म्हणाले, "बसमध्ये." एवढ्यावर त्यांची मुलाखत संपली.

सहा पेट्यांत काकू वेगवेगळ्या वेळी अंडी ठेवायच्या. त्यामुळे एकाच सकाळी लंबूला सहा निरनिराळ्या वयांची अंडी मिळायची. प्रत्येक अंडं बत्तीवर बघून त्याचे तास त्या वहीत लिहायच्या. आधी लंबूला ही बाई डोक्यावर बसल्यासारखी वाटायची. दार उघडं राहिलं की ओरडा, उशीर झाला की ओरडा. पण एकदा तो जेवायचं विसरला तेव्हा काकूंनी आपला अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि "गिळ" म्हणाल्या. त्या दिवसापासून तो त्यांना सगळं सांगायला लागला.

दोन महिने झाले. लंबूने आकडे वयानुसार आलेखावर मांडले, आणि चित्र पुन्हा तसंच. पिठात कोंडा मिसळावा तसे सगळे ठिपके एकमेकांत मिसळलेले.

"काकू, वयाचा काही संबंध नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तुम्ही उगाच एवढी मेहनत केलीत."

काकू वही घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. कोंबड्यांना दाणा टाकून झाल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसल्या. त्या स्वतःची चूक शोधत होत्या. आईने शिकवलेलं चुकेल असं त्यांना वाटत नव्हतं, पण सहाव्या अंड्याचे चार तास त्या विसरल्या नव्हत्या.

समोर यजमान सायकलचं चाक मांडीवर घेऊन बसले होते. नवाकोरा टायर चढवताना तो कडेला चिरला.

"नवा ना तो?" काकू म्हणाल्या.

"वापरला नाही एवढंच. आठ वर्षं माळ्यावर पडून होता." ते टायरचे काळे कण झटकत म्हणाले, "टायर पडून राहिला म्हणून त्याचं वय थोडंच थांबतं?"

काकूंनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. मग यजमानांकडे इतका वेळ बघत राहिल्या की ते बिचारे म्हणाले, "काय झालं? मी काही बोललो का?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडायच्या आत काकू दारात उभ्या होत्या. लंबू जिना चढून वर येतो तोच त्यांनी विचारलं, "अंड्यातून काढलेली पेशी तू बशीत किती वेळ ठेवतोस?"

"तंतू फुटेपर्यंत. एक दिवस. कधी दीड. मंगळवारी दुपारी मायक्रोस्कोप शेजारच्या सरांकडे असतो, मग राहिलेल्या बश्या बुधवारी बघतो."

"आणि ते तास कोण धरतं?"

"कुठले तास?"

"अरे, बशीतले! मी वहीत लिहिते ते अंड्यातलं वय. पुढचं वय तुझ्या बशीत वाढतं. मुलगी माहेरून निघाली म्हणून तिचे वाढदिवस थांबतात का?"

पाठपिशवी खांद्यावर तशीच ठेवून लंबू आत धावला. जुन्या नोंदींत प्रत्येक बशीची वेळ होती, फक्त कुणी ती मिळवली नव्हती. काकूंनी वहीतला आकडा वाचायचा, लंबूने त्यात बशीतले तास मिळवायचे आणि नवा ठिपका टाकायचा. चाळीसेक ठिपके झाले तेव्हा त्याचा हात थांबला. डावीकडे, म्हणजे कमी वयाच्या बाजूला, सगळे पंजे नळीकडे वळलेले. उजवीकडे सगळे पाठ फिरवलेले. मध्ये थोडे नाकासमोर चालणारे. दीडशे तासांच्या आसपास कुणीतरी रेघ मारल्यासारखं चित्र दुभंगलं होतं.

"रेणू तोच," लंबू पुटपुटला. "तोच निरोप. लहान पेशीला तो 'ये' असा ऐकू येतो आणि मोठीला 'जा' असा."

"निरोप सांगणारा तोच आहे," काकू म्हणाल्या. "ऐकणारी मोठी झाली."

डॉक्टरबाईंना त्या चित्राचा अर्थ सांगावा लागला नाही. त्यांनी बोटाने ती मधली रेघ वरपासून खालपर्यंत गिरवली. "म्हणूनच ती वाटेत अडकत नाही," त्या म्हणाल्या. "ज्या निरोपाने तिला ओढून आणलं, तोच तिला पुढे ढकलतो. नाहीतर पहिल्या मुक्कामालाच बसून राहिली असती."

पण शेजारच्या सरांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता, पण पुराव्याशिवाय घड्याळावरही विश्वास ठेवणारा नव्हता. "कुठल्या बशीचं वय किती हे मोजणाऱ्याला ठाऊक आहे," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "आणि जे हवं असतं ते डोळ्यांना दिसतं. डोळे बांधून करा, मग मी मानेन."

लंबूचा चेहरा पडला. काकूंचा नाही. "बरोबर बोलतायत ते," त्या म्हणाल्या. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? झाकू दे त्यांना."

तसं ठरलं. काकूंनी अंडी निवडायची आणि वय पेटीच्या हिशेबाने, बशीतले तास धरून, फक्त आपल्या वहीत लिहायचं; बत्तीवर बघून आकडा बदलायचा नाही. अंड्यावर नुसता क्रमांक. बशीत सगळ्यांना सारखेच वीस तास. लंबूने क्रमांक बघायचा आणि पंजा किती वळला ते मोजायचं. वही रोज संध्याकाळी सरांच्या कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. अशा शहाण्णव बश्या. तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत काकू आणि लंबू एकमेकांशी हवापाण्याखेरीज काहीही बोलले नाहीत. चुकून तोंडातून आकडा जायचा म्हणून काकू त्याला "आज लवकर आलास" असंही म्हणेनाशा झाल्या. एकदा लंबू कळवळून म्हणाला, "काकू, निदान ओरडा तरी." तेव्हा त्या वळून म्हणाल्या, "ओरड्यातनंसुद्धा कळतं."

वही उघडायच्या दिवशी दुपारी सभेची खोली भरली. तिसऱ्या मजल्यावरचे सगळे आले, तळमजल्यावरचे आले, अभियंता आला. पहारेकरी दारात उभा राहिला. यजमान शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. डॉक्टरबाई फळ्यापाशी, एका हातात लाल खडू, एका हातात निळा. नळीकडे वळला तर लाल, पाठ फिरवली तर निळा.

सरांनी वही उघडली. "क्रमांक एक. वय एकशे एकतीस."

लंबूने कागद बघितला. "नळीकडे."

लाल ठिपका.

"क्रमांक दोन. एकशे अडुसष्ट."

"उलट."

निळा.

पहिले दहा ठिपके असेच पडले. विसाला मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तिसाला लोक सर वय वाचताक्षणी, लंबू बोलायच्या आधीच "लाल!" "निळा!" म्हणायला लागले. सरांनी चष्म्यावरून बघितलं, पण कुणी ऐकेना. फळ्यावर डावीकडे लाल ढग, उजवीकडे निळा, मध्ये दोन बोटांची सरमिसळ.

"क्रमांक एक्केचाळीस. एकशे सदतीस."

"लाल!" खोली ओरडली.

लंबूने कागदाकडे बघितलं. "उलट," तो हळूच म्हणाला.

लाल ढगात एक निळा ठिपका पडला. सर वहीवर वाकले आणि त्यांनी पान उजेडाकडे धरलं. "इथं कोपऱ्यात प्रश्नचिन्ह आहे. का?"

काकू उठल्या. एवढ्या लोकांसमोर त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या. "पेटीच्या हिशेबाने एकशे सदतीस, म्हणून तसं लिहिलं. पण बत्तीवर बघितलं तर बशीतले धरून मला ते दीडशेच्या पुढचं वाटलं. ते अंडं आमच्या म्हाताऱ्या कोंबडीचं. ती अंडं पोटात जास्त वेळ धरून ठेवते, तिथंच त्याला ऊब लागते. तेव्हा आकडा बदलायची परवानगी नव्हती, म्हणून नुसती खूण केली."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे पेटी चुकली आणि तुम्ही बरोबर होतात."

"पेटी कशी चुकेल? ती आमच्या ह्यांनी केलीय," काकू म्हणाल्या. "चूक कोंबडीची."

खोलीत हशा पिकला, आणि मागच्या रांगेत यजमान कानापर्यंत लाल झाले.

उरलेली पंचावन्न वाचून होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. शेवटचा ठिपका निळा होता आणि तो निळ्यातच पडला. मधली सरमिसळ सोडली तर त्या एका म्हातारीच्या अंड्याशिवाय एकही बशी चुकीच्या बाजूला गेली नव्हती. लंबूने कागद खाली ठेवला. त्याची पाठ, जिला बाक होता म्हणून सगळे चिडवायचे, ती ताठ झालेली काकूंनी पहिल्यांदा बघितली. किती उंच होता तो! टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो वाट काढत काकूंपाशी आला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"वेड्या," काकू म्हणाल्या, "तुझा हात कापत नाहीये."

सर वही घेऊन आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत दिली. "मी याच्याबद्दल चारचौघांत चुकीचं बोललो होतो. म्हणून चारचौघांतच सांगतो, चूक माझी होती." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "काकू, आमचीही एक पेटी आहे. जरा बघता का येऊन?"

शोधनिबंध लिहिला गेला तेव्हा लेखकांच्या नावांत तिसरं नाव काकूंचं होतं. कचेरीतून विचारणा आली की या लेखिकेची पदवी कोणती. डॉक्टरबाईंनी उत्तर पाठवलं, 'पदवी विचारली आहे. काम विचारलं असतं तर दोन पानं लिहिली असती,' आणि खरोखरच दोन पानं लिहून सोबत जोडली. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. छापील प्रत घरी आली. यजमानांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, कळलं काहीच नाही. पण शेवटी बारीक अक्षरांत पेट्या बनवणाऱ्याचे आभार मानलेले सापडले, तेव्हा ते शेडमध्ये जाऊन बराच वेळ पत्रा ठोकत बसले. पत्र्याला काही झालेलं नव्हतं.

लंबूची मुदत वाढली. नंतर त्याला स्वतःची प्रयोगशाळाही मिळाली, त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला. त्याच्या दारावर पाटी आहे, पण सगळे 'लंबूकडे' असंच म्हणतात. पंज्याच्या आत नेमकं काय बदलतं, ज्यामुळे 'ये'चं 'जा' होतं, हा पुढचा प्रश्न तो आता सोडवतोय. त्यासाठी काकूंनी पेट्यांची संख्या सहावरून वीसवर नेली आहे.

आणि दूरदूरच्या प्रयोगशाळांतून पत्रं यायला लागली, की आमच्या माणसांनाही अंड्याचं वय बघायला शिकवा. डॉक्टरबाईंनी तळघरात एक खोली रंगवून घेतली, खिडकीला जाड पडदा लावला, टेबलावर अकरा बत्त्या मांडल्या. पहिल्या तुकडीत अकरा जण आले. दोघांकडे डॉक्टरेट होती, एक तर स्वतःच प्राध्यापक. काकूंनी प्रत्येकाच्या हातात एकेक अंडं दिलं आणि कागदावर तास लिहायला सांगितले. दहा मिनिटांनी कागद गोळा केले, एकेक वाचला आणि एकावर एक ठेवून दिला.

"प्रामाणिकपणे सांगू?" त्या म्हणाल्या. "सगळे नापास. बाहेर चहा ठेवलाय, तो घ्या. आणि मग परत आत या. मी कुठं जात नाहीये."